चार लाख व्ह्यूज, एकतीस पेट्या

राजापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून कामापुरतं इथे देते.

«ताई, नमस्कार. आमची हापूसची दीडशेच्या आसपास कलमं आहेत. बरं वर्ष असलं की चांगल्या फळाच्या चारशे पेट्या होतात, उरलेला माल कॅनिंगला. आजवर सगळा आंबा वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दोन वर्षांपूर्वी मी इन्स्टाग्रामवर पेज काढलं. आता अकरा हजार फॉलोअर आहेत. माझा धाकटा पुतण्या कलमाखाली बसून आंबा चोखतोय, त्या रीलला चार लाख वीस हजार व्ह्यूज आले. सगळ्या गावाने पाहिली. पण या मोसमात ऑनलाइन पेट्या गेल्या एकतीस. त्यातल्या नऊ मी सहा हजार रुपये खर्चून केलेल्या जाहिरातीतून आणि बाकीच्या बहुतेक ह्यांच्या पुण्यातल्या मित्रांच्या ओळखीने. आता एक एजन्सी महिना वीस हजार मागतेय, सहा महिन्यांत पन्नास हजार फॉलोअर करून देतो म्हणते. एका फूड ब्लॉगरने पंधरा हजार आणि दोन पेट्या सांगितल्यात. एकाने सल्ला दिला की प्रत्येक पोस्टला 'देवगड हापूस' लिहा, लोक तेच शोधतात. सासरे म्हणतात, हे मोबाइलचे खेळ बंद करा आणि गाडी भरा. आंबापोळीही विकावी का, असं मनात आहे. काय करू?»

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा आकडा चारशेचा आहे. चारशे पेट्या. तुमच्याकडे विकायला याहून जास्त काही नाही आणि पुढची दहा वर्षं असणारही नाही, कारण कलम लावल्यावर लगेच पेटी देत नाही. साबणाची कंपनी चार लाख लोकांपर्यंत पोचली तर तिला चार लाख वड्या बनवता येतात. तुम्हाला पाचशेवी पेटी बनवता येत नाही. मग चार लाख माणसं हवीत कशाला?

हिशेब करू. चारशेपैकी निम्म्या पेट्या वाशीलाच जाऊ द्या. सासऱ्यांचं तेवढं ऐकाच. मार्चअखेरीला, एप्रिलच्या सुरुवातीला आवक कमी असते तेव्हा वाशीत भाव बरा मिळतो. शिवाय फवारणीच्या दिवसांत दलालाकडून उचल (आगाऊ पैसे) घेत असाल, तर ते नातं एका मोसमात तोडून चालणार नाही. भाव कोसळतो तो मे महिन्यात, सगळीकडचा माल एकदम उतरतो तेव्हा. नेमका तोच काळ शहरातल्या घरांत आमरसाचा असतो. म्हणजे तुमची थेट विक्री एप्रिलच्या मध्यापासून पुढची, दोनशे पेट्यांची. एक घर मोसमात सरासरी दीड पेटी घेतं असं धरा. सव्वाशे ते दीडशे घरं झाली. पुण्या-मुंबईतली दीडशे घरं, दरवर्षी तीच, न विचारता पैसे पाठवणारी. तुमचं सोशल मीडियाचं सगळं धोरण एवढ्यापुरतंच आहे.

हे एकदा मान्य केलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. एजन्सी तुम्हाला पन्नास हजार फॉलोअर देणार आहे आणि तुम्हाला दीडशे गिऱ्हाइकं हवी आहेत. सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार होतात. दोनशे पेट्यांवर वाटले तर पेटीमागे सहाशे रुपये, तेही सगळ्या पेट्या खपल्या तर. त्यापेक्षा दलालाची आडत, म्हणजे त्याचं कमिशन, स्वस्त पडेल! एजन्सीला एकच प्रश्न विचारून पाहा: फॉलोअर राहू द्या, पेटीमागे कमिशन घेऊन काम कराल का? उत्तर काय येईल ते मला माहीत आहे.

आता त्या रीलकडे वळू. तुमचं खातं बिझनेस किंवा प्रोफेशनल प्रकारचं असेल, तर प्रत्येक रीलखाली 'इनसाइट्स' दिसतात. खात्याच्या इनसाइट्समध्ये प्रेक्षक कुठल्या शहरांतले ते बघा. माझा अंदाज आहे की लखनौ, पाटणा, इंदूर, हैदराबाद अशी नावं वर असतील आणि पुणे बरंच खाली. गोड मूल आणि आंबा कुणालाही आवडतो. पण लखनौचा माणूस तिकडचा दशहरी आंबा सोडून तुमच्या हापूससाठी थांबणार नाही आणि थांबला तरी तुमची गाडी तिथे जात नाही. जे व्हायरल होतं ते सगळ्यांसाठी असतं. पुतण्याचा व्हिडिओ ठेवा, गोड आहे, मीही दोनदा पाहिला. फक्त तशाच रीलमागे धावू नका. आणि एक, घरातल्या लहान मुलाचा चेहरा दुकानाची पाटी करावा का, हे त्याच्या आईवडिलांना एकदा शांतपणे विचारा.

मग करायचं काय? आधी व्हॉट्सॲप. इन्स्टाग्राम नंतर.

एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे, आपल्याकडे २०१८ पासून आहे, आणि किराणा दुकानापासून ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंपर्यंत सगळे वापरतात. त्यात कॅटलॉग लावता येतो, ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, प्रत्येक गप्पेला लेबल लावता येतं. लेबलं चारच पुरेत: विचारलंय, पैसे आले, पेटी निघाली, तक्रार. मे महिन्यात रात्री साडेदहाला अंगणात पेट्या बांधून झाल्यावर कोणाचे पैसे आले आणि कोणाची पेटी राहिली, हे वहीत शोधायला लागलं की पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक तिथेच गळतं. लेबलांचा उपयोग तेव्हा कळेल.

त्यानंतर ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा पोचवणारी यादी. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे तुमची दीडशे घरं एकाच यादीत मावतात. पण यात एक गोम आहे आणि बहुतेकजण तिथेच अडकतात. तुमचा नंबर ज्यांनी त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच ब्रॉडकास्टचा निरोप पोचतो. बाकीच्यांना काही दिसत नाही आणि तुम्हाला वाटतं लोकांना रस नाही. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी जायला हवी. छापील, साधी. 'पुढच्या मोसमाची खबर हवी असेल तर हा नंबर आंबा या नावाने सेव्ह करा आणि एकदा नमस्कार पाठवा.' समोरून नमस्कार आला की तुम्हीही नाव, शहर, सोसायटी लिहून नंबर साठवा. चिठ्ठीत बागेचा इतिहास, कविता, क्यूआरची रांग असलं काही नको.

ग्रुप मात्र काढू नका. दीडशे अनोळखी माणसांचे नंबर एकमेकांना दिसतात, कुणीतरी त्यात विम्याची जाहिरात टाकतो, आणि एकाने 'आमच्या पेटीत चार साक्याचे निघाले' (म्हणजे आतून खराब) लिहिलं की बाकीचे एकशे एकोणपन्नास आपापल्या पेटीतले आंबे संशयाने दाबून बघतात.

निरोप कसा असावा? दर आठवड्याला शुभेच्छा नकोत. मोसमात जेवढ्या खेपा निघतील तेवढेच निरोप. असा काहीतरी (आढी म्हणजे पिकायला पेंढ्यात रचलेला आंबा):

'नमस्कार. परवाची तोड आढीत घातली आहे. पाच डझनाची पेटी, फळ २२५ ते २७५ ग्रॅमचं, भाव अमुक, घरपोच. कोथरूड आणि सिंहगड रस्ता इथे २२ तारखेला पोचेल, खायला साधारण २५ पासून. या खेपेत २४ पेट्या आहेत. हवी असल्यास किती, एवढंच लिहा.'

यात काय आहे बघा. वजन, भाव, तारीख, ठिकाण. भाव उघड लिहा. 'किंमत इनबॉक्समध्ये' हे वाक्य वाचलं की मी स्वतः पुढे सरकते आणि माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. भाव दर खेपेला बदलतो, हे खरं, म्हणून तर खेपेचा भाव खेपेलाच सांगायचा. आणि २४ पेट्या असतील तरच २४ लिहायचं. 'शेवटच्या काही पेट्या' असं रोज लिहिणाऱ्यांवर आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही.

इन्स्टाग्रामचं काम वेगळं. तिथे लोक पेटी घेत नाहीत, तुम्ही खऱ्या आहात की नाही ते तपासून जातात. आंब्याच्या नावाने शहरातली माणसं फार फसली आहेत. मोसम आला की फेसबुकवर सुंदर फोटोंची पेजं उगवतात, आगाऊ पैसे घेतात आणि गायब होतात. पेटी आली तरी वरच्या थरात हापूस आणि खालच्या थरात कर्नाटकचा आंबा. तुम्हाला गिऱ्हाईक मिळत नाही यामागे प्रसिद्धीची कमी नाही, ही भीती आहे. पुण्यातल्या एखाद्या गृहिणीने अनोळखी खात्यावर चार-पाच आकडी रक्कम का पाठवावी? याचं उत्तर तुमच्या पेजवर दिसायला हवं.

ते दिसतं कामातून. तुम्ही ज्याला रोजचं म्हणून सोडून देता, शहरातल्या माणसाने ते कधी पाहिलेलं नसतं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा उतरवताना देठ ठेवून का काढायचा, देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग कसा पडतो, हे वीस सेकंदांत दाखवता येतं. चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याला थोडं कमी) म्हणजे काय, ते सासऱ्यांनी फळ हातात धरून सांगावं: खांदे कसे भरलेत, देठाशी खळगा कसा पडलाय. भाताच्या पेंढ्यावर आढी कशी लावतात, आठवड्याने ती उघडल्यावर वास कसा येतो. वास मोबाइलमधून जात नाही, पण आढी उघडल्यावर माणसाचा चेहरा बदलतो तो जातो. 'कार्बाइडचा नाही ना?' हा प्रश्न तुम्हाला शंभर वेळा आला असेल. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, हे सांगून कुणाचं समाधान होत नाही. आढीचा व्हिडिओ साठवून ठेवा आणि प्रश्न आला की तोच पाठवा.

सासऱ्यांना कॅमेऱ्यासमोर आणा, असं मी मुद्दाम सुचवतेय. ते नाही म्हणतील. तुम्ही त्यांना 'बोला' म्हणू नका, ते काम करत असताना एखादा प्रश्न विचारा आणि रेकॉर्ड करा. घरातल्या बोलीत बोलू दे. पुस्तकी मराठीत वाचून दाखवायला लावलंत तर ते आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं होईल आणि ते स्वतःच वैतागतील. पार्श्वसंगीताचं म्हणाल तर बिझनेस खात्यावर सिनेमाची सगळी गाणी मिळत नाहीत, परवान्याचा प्रश्न असतो. बरंच आहे. कोयतीचा, पेंढ्याचा, कोकिळेचा आवाज राहू दे.

साक्याबद्दल लपवू नका. एक आंबा कापा, आतला पांढरट, स्पंजासारखा भाग दाखवा आणि सांगा की हा बाहेरून ओळखता येत नाही, चांगल्यातल्या चांगल्या बागायतदाराच्या पेटीतही एखादा निघतो. मग आपला नियम सांगा. माझ्या मते नियम असा असावा: पेटी पोचल्यापासून ठरावीक दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, जितकी फळं खराब तितक्यांचे पैसे परत किंवा पुढच्या खेपेत तेवढी फळं जास्त. वाद घालायचा नाही. शंभरात एखादा गैरफायदा घेईल, त्याला पुढच्या वर्षी यादीतून काढा. हा नियम मोसमाआधी लिहून पेजवर वर पिन करून ठेवा. भांडण झाल्यावर केलेला नियम पळवाटेसारखा दिसतो.

तरीही कुणीतरी कमेंटमध्ये तोंड सोडेलच. कमेंट पुसू नका, उत्तर द्या, पण दोनच ओळी: वाईट वाटलं, फोटो आणि पेटीवरचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवा, आजच बघते. बाकी सगळं फोनवर. ते एकटं भांडणारं माणूस महत्त्वाचं नसतं, ते भांडण गुपचूप वाचणारी चाळीस माणसं महत्त्वाची असतात. पेटीवर नंबर घालता ना? नसाल तर घाला. तोडीची तारीख आणि खेपेचा आकडा, मार्करने लिहिला तरी चालेल.

गूगलवर बागेची नोंद करा, नकाशावर दिसेल अशी. तीही फुकट आहे. अनोळखी माणूस पैसे पाठवण्याआधी नाव गूगलमध्ये टाकून बघतोच आणि तिथे ठिकाण, फोटो, पाच-दहा खऱ्या गिऱ्हाइकांची मतं दिसली की त्याचा हात सैल होतो. ती मतं नातेवाइकांकडून एकाच संध्याकाळी लिहून घेऊ नका, ओळखू येतं.

आता 'देवगड'बद्दल. नाही, ताई. तुमची बाग राजापूर तालुक्यात आहे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात; देवगड सिंधुदुर्गात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना मिळून. त्यात तुम्ही आहातच. मग दुसऱ्याचं नाव उसनं का घ्यायचं? उलट मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या, जिल्ह्यातल्या उत्पादकांच्या संस्थेत चौकशी केली की रीत कळेल. आणि पोस्टमध्ये गावाचं नाव लिहा. 'रत्नागिरी हापूस' लिहिणारे हजार आहेत, तुमच्या गावाचं नाव लिहिणाऱ्या तुम्ही कदाचित एकट्या असाल. मुंबईत त्या पंचक्रोशीतली जी माणसं आहेत ना, लालबागची, विरारची, डोंबिवलीची, ती गावाचं नाव बघून थांबतात. शिमग्याला, गणपतीला गावी येणारा चाकरमानी हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक आहे आणि त्याच्यापर्यंत पोचायला जाहिरात लागत नाही. गावाच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. त्यात मोसमात एकदाच, मंडळाच्या अध्यक्षांना विचारून, निरोप टाका.

असंच 'सेंद्रिय' या शब्दाचं. प्रमाणपत्र नसेल तर लिहू नका. तुडतुड्यासाठी, फुलकिड्यासाठी फवारणी करता, हे उघड आहे. मोहोराच्या वेळी काय फवारलं आणि तोडीच्या किती दिवस आधी थांबवलं, हे सांगणारा बागायतदार विरळा. तुम्ही सांगितलंत तर लोक लक्षात ठेवतील.

जाहिरातीकडे येते, कारण तिथे तुम्ही आधीच पैसे घातले आहेत. सहा हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला तर ७,०८० रुपये गेले आणि नऊ पेट्या आल्या. पेटीमागे जवळपास ७८७ रुपये. हे महाग आहे, पण जाहिरातच वाईट असं त्यातून ठरत नाही. तुम्ही बहुधा पोस्टखालचं 'बूस्ट' बटण दाबलंत, प्रेक्षक आपोआप निवडू दिलेत आणि ठिकाण अख्खा महाराष्ट्र ठेवलंत. मग ती जाहिरात नागपूरलाही दिसली, जळगावलाही.

नीट करायची असेल तर उलट्या बाजूने विचार करा. तुमचा टेंपो कुठे जातो? पुण्याला, ठाण्याला की डोंबिवलीला? पहिल्या वर्षी फक्त दोन ठिकाणं धरा, समजा कोथरूड आणि डोंबिवली. मेटाच्या (इन्स्टाग्रामची मालक कंपनी) ॲड्स मॅनेजरमध्ये नकाशावर पिन रोवून तिच्याभोवती काही किलोमीटरचा घेर देता येतो. जाहिरात दाबली की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल असा प्रकार निवडा, म्हणजे बघणाऱ्याचा नंबर तुमच्याकडे येतो. खरं मोल त्या नंबरचं आहे. रोजचे दोनशे-तीनशे रुपये, तेही खेप निघायच्या आधीचे चार-पाच दिवस. चालू ठेवून विसरायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, 'कुठे पाहिलंत?' आणि वहीत लिहायचं. मोसम संपल्यावर जाहिरातीचा खर्च भागिले तिथून आलेल्या पेट्या. पेटीमागे किती परवडतं ते तुम्हीच ठरवा, पण ज्या घराने पुढच्या वर्षी पुन्हा पेटी घेतली त्याचा खर्च दोन वर्षांत वाटला जातो, हेही धरा.

आणि सोसायटी. एका सोसायटीत एक घर मिळालं की तिथे वीस घरं असतात. समाधानी गिऱ्हाइकाला विचारा, 'तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकाल का? दहा पेट्यांची मागणी एकत्र आली तर तुमची पेटी आमच्याकडून.' दहा पेट्या एकाच गेटवर उतरल्या की वाहतुकीत जो पैसा वाचतो त्यात ती एक पेटी बहुतेक निघते. तुमच्या बाबतीत यातून जेवढं साधेल तेवढं कुठल्याच रीलने साधणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फूड ब्लॉगरला पंधरा हजार देऊ नका. तो लोकांना कुठे खायचं ते सांगतो, त्याचे प्रेक्षक मिसळ शोधत असतात. पुढेमागे कुणाकडून पैसे देऊन व्हिडिओ करून घेतलातच, तर त्यात तो सशुल्क असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. जाहिरात मानक परिषदेचे त्याबाबतचे नियम २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२३ मध्ये तेच बजावलंय.

परदेशातल्या मराठी माणसांकडून 'अमेरिकेत पाठवता का?' अशी विचारणा येतेच. तिकडे आंबा पाठवायला विकिरण (कीड मारायला किरणांची प्रक्रिया) आणि बाकीची निर्यातीची प्रक्रिया लागते, घरून पार्सल करण्याची गोष्ट नाही. नाही म्हणा, पण तिथे थांबू नका. विचारा, 'पुण्यात आईबाबा आहेत का? त्यांच्याकडे पेटी पाठवते, आढी उघडल्याचा व्हिडिओ तुम्हाला पाठवते.' न्यू जर्सीतल्या मुलीने सदाशिव पेठेतल्या आईला पाठवलेली पेटी, हे गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करत नाही.

पैशांबाबत सांभाळून. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले की मगच पेटी गाडीत. फसगत झालीच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. उलट बाजूने, नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मेच आगाऊ घ्या, निम्मे पेटी हातात पडल्यावर. दुसऱ्या वर्षी तो आपणहून पूर्ण पाठवेल.

आता ऑगस्ट आहे, बागेत फारसं काम नाही. तेव्हा आधी त्या एकतीस पेट्यांची नावं काढा. कोणी घेतली, कुठे, पुन्हा घेतली का, तक्रार होती का. प्रत्येकाला फोन करा, निरोप नको, फोन. 'आंबा कसा होता?' एवढंच विचारा आणि ऐका. त्यातले पंचवीसजण नव्या नंबरवर आले तरी तुमच्या दीडशेतली सुरुवात झाली. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की एक फोटो, फेब्रुवारीत कैरी सुपारीएवढी झाली की दुसरा, आणि वादळवाऱ्याने गळ झाली तर तीही सांगा. पीक निम्मं आलं तर भाव का चढला, हे लोकांना मग समजावून सांगावं लागत नाही. नोंदणी फेब्रुवारीअखेरीस उघडा, आधी जुन्यांना, आठवड्याने सगळ्यांना.

आंबापोळीचं या वर्षी नको. ताजा आंबा तुमच्याच बागेतला, तो विकणं वेगळं. आंबापोळी, आमरस हा प्रक्रिया केलेला खाद्यपदार्थ झाला. त्याला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी, वेष्टनावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, तारीख हवी. शिवाय मे महिन्यात ती वाळत घालायची कुणी? पेट्या तुम्हीच बांधता, फोन तुम्हीच घेता, रीलही तुम्हीच काढता. तुमच्या जाऊबाईंना किंवा वाडीतल्या बचत गटाला त्यात रस असेल तर नोंदणी त्यांच्या नावाने होऊ दे आणि तुमच्या दीडशे घरांच्या यादीवर जूनमध्ये एक निरोप त्यांच्यासाठी टाका.